आवडी वेगळ्या असलेल्या जोडप्याने सोबत कसे वाचावे

एकाला ऐतिहासिक-पौराणिक कादंबऱ्यांशिवाय करमत नाही आणि दुसऱ्याच्या उशाशी कायम लेखसंग्रह नाहीतर इतिहासाचे पुस्तक, असे अनेक घरांत दिसते. अशा नवराबायकोने सोबत वाचायचे ठरवले की दोघांनी एकच पुस्तक वाचावे असे आधी सुचते, आणि बेत फिसकटतो तोही बहुधा तिथेच. ज्याला ते पुस्तक रुचत नाही तो भिडेखातर वाचतो, पन्नासाव्या पानाच्या आसपास रेंगाळतो आणि मग ‘वाचतोय की’ असे म्हणत विषयच टाळू लागतो. म्हणून सुरुवातीला विषय एक ठेवावा आणि त्यावरची दोन वेगळ्या जातकुळींची पुस्तके आपापल्या आवडीप्रमाणे वाटून घ्यावीत, अशी माझी शिफारस आहे.

मराठीत अशा जोड्या शोधाव्या लागत नाहीत. महाभारताचेच घ्या. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आणि इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ ही दोन्ही १९६७ सालची पुस्तके. कादंबरीत कर्णाची कथा कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण आणि कृष्ण अशी माणसे आपापल्या तोंडाने सांगतात. ‘युगान्त’मध्ये मानववंशशास्त्राच्या अभ्यासक असलेल्या इरावतीबाई भांडारकर संस्थेने अनेक हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा आधार घेऊन एकेका व्यक्तीची तपासणी करतात. कादंबरीप्रेमी जोडीदाराने पहिले पुस्तक घ्यावे, युक्तिवादाची आवड असलेल्याने दुसरे. जाडीतला फरक मात्र आधीच लक्षात घ्यावा. ‘मृत्युंजय’ चांगली जाडजूड आहे आणि ‘युगान्त’ चार-पाच बैठकांत संपते, त्यामुळे लेखवाल्याने कुंती, द्रौपदी आणि कर्ण यांच्यावरची प्रकरणे दोनदा वाचावीत, आणि तरीही वेळ उरला तर दुर्गा भागवतांचे ‘व्यासपर्व’ हाती घ्यावे. नाहीतर एकजण वाट पाहत बसतो आणि दुसऱ्याला वाचनाचा गृहपाठ होतो.

आता बोलायचे कसे? ‘कसे वाटले?’ या प्रश्नाला ‘छान आहे’ यापलीकडे उत्तर येत नाही, तेव्हा तो विचारूच नये. त्याऐवजी दोन्ही पुस्तकांना सामोरा जावा लागणारा एखादा प्रसंग निवडावा. द्यूतसभेचा प्रसंग यासाठी फार उपयोगी पडतो. महाभारतात कर्ण भर सभेत द्रौपदीला ‘बंधकी’, म्हणजे कुलटा, म्हणतो, आणि ज्याला कर्णाची बाजू मांडायची आहे त्या लेखकाची खरी कसोटी इथेच लागते. कादंबरी वाचणाऱ्याने तो भाग काढून मोठ्याने वाचून दाखवावा आणि दुसऱ्याने विचारावे, ‘हे कोण सांगते आहे, आणि त्याच्याजागी दुसऱ्या कुणी सांगितले असते तर?’ मग लेख वाचणाऱ्याने आपला उतारा वाचावा आणि त्याला विचारले जावे, ‘यातले मूळ ग्रंथातले किती आणि बाईंचे अनुमान किती?’ पुस्तक मिटून आठवणीतून सारांश सांगू नये. सारांशात सांगणाऱ्याचे मतच पुढे येते आणि वाद पुस्तकावर न होता त्या मतावर होतो. पुस्तक ग्रंथालयाचे असेल तर पेन्सिलच्या खुणा करता येत नाहीत, तेव्हा जुन्या कॅलेंडरच्या चिठ्ठ्या पानांत घालाव्यात. चिठ्ठ्या फार झाल्या तर बोलायला बसण्यापूर्वी त्यांतल्या तीनच ठेवाव्यात.

याच पद्धतीने पानिपतावर विश्वास पाटलांची कादंबरी आणि त्र्यं. शं. शेजवलकरांचा इतिहासग्रंथ अशी जोडी लावता येते. तिथे विचारायचा प्रश्न सोपा आहे: १४ जानेवारी १७६१ च्या त्या पराभवाचे खापर प्रत्येक पुस्तक कुणाकुणावर फोडते आणि कुणाला सोडून देते?

अशा एकदोन जोड्या झाल्या, दोघांना एकमेकांच्या कपाटातले थोडे कळू लागले, की मग एकच पुस्तक घ्यायला हरकत नाही. पहिले पुस्तक लहान असावे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) यासाठी उत्तम, कारण धनगरांच्या वाडीवर आलेल्या तरुण मास्तराची ती गोष्ट कादंबरीवाल्यालाही पुरते आणि माणसांची, चालीरीतींची नोंद शोधणाऱ्यालाही.

त्यानंतरची माझी निवड मात्र निःसंकोचपणे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ही आहे, आणि ती एकाने वाचावी, दुसऱ्याने ऐकावी. तिची भाषा बोलण्याच्या इतकी जवळची आहे की मनातल्या मनात वाचताना निसटलेला विनोद मोठ्याने वाचताना बरोबर पकडीत येतो. वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक सांगणारा सुरुवातीचा भाग वाचून पाहावा म्हणजे पटेल. शिवाय हे पुस्तक मुळात दोन टोकांच्या स्वभावांच्या संसाराचे आहे. कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, त्यानंतर काही वर्षे पतीपत्नी वेगळी राहिली आणि पुढे १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. या सगळ्या काळातला त्यांचा राग, त्यांचे दुःख आणि हळूहळू झालेला मनातला बदल त्यांनी कुठेही गळा न काढता लिहिला आहे. असे पुस्तक वाचताना ‘तुम्ही अगदी टिळकांसारखे’ हे वाक्य घरात उच्चारले जाणारच. ते उच्चारू द्यावे, पण वाचन चालू असताना नको. प्रकरण संपेपर्यंत बोलणे टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्याबद्दलच ठेवावे, नाहीतर पुस्तक बाजूला राहते आणि गेल्या दिवाळीतला हिशेब निघतो. वाचणाऱ्याने मध्येच थांबून समजावून सांगू नये, ऐकणाऱ्याने मोबाइल पालथा ठेवावा, आणि अर्ध्या तासाच्या वर एका वेळी वाचू नये.

पुस्तक अर्धवट सोडण्याची मुभा दोघांनाही असावी, मात्र सोडणाऱ्याने नेमके कुठल्या पानावर आणि का सोडले ते सांगावे. पुष्कळदा त्या एका उत्तरावर रंगलेली चर्चा पूर्ण वाचलेल्या पुस्तकावर रंगत नाही. रहस्यकथा असेल तर कुठवर बोलायचे ते प्रकरणाच्या क्रमांकासकट आधी ठरवावे. विषय आळीपाळीने निवडावा, आणि ज्याने निवडला त्याने पहिल्या दिवशी त्याची वकिली करू नये.

पैशांचा आणि जागेचा प्रश्न असेल तर ग्रंथालयाची वर्गणी भरावी. अनेक ग्रंथालयांत एका वर्गणीत एक पुस्तक आणि एक मासिक मिळते, म्हणजे दोन आवडींची सोय एकाच कार्डावर होते. दिवाळीनंतर बरीच ग्रंथालये वेगळी वर्गणी घेऊन दिवाळी अंक वाचायला देतात, तीही योजना चुकवू नये. एकाच अंकात कथा, लेख, प्रवासवर्णन, कविता सगळे असते, त्यामुळे आज कुणाच्या आवडीचे आणायचे हा वादच उरत नाही. अंक घरी आला की दोघांनी अनुक्रमणिकेवर आपापल्या एकेका लेखाला बोट ठेवावे, आणि तिसरा लेख असा निवडावा की ज्याच्या लेखकाचे नाव दोघांनीही कधी ऐकलेले नाही.