उघड्यावरची उष्णता मोजायला शिकताना

शहरातल्या उष्णतेवर काम करायला येणारे बहुतेक विद्यार्थी हवेचं तापमान मोजायच्या तयारीने येतात. पण भर दुपारी रस्त्याच्या उन्हातल्या आणि सावलीतल्या बाजूला हवेचं तापमान जवळपास सारखंच भरतं. अंगाला मात्र जमीन-अस्मानाचा फरक जाणवतो. तो फरक प्रारणाचा. थेट ऊन, भिंतींवरून परतलेलं ऊन आणि तापलेल्या डांबर-काँक्रीटमधून निघणारी अवरक्त उष्णता, या सगळ्याचा एकत्र हिशेब म्हणजे सरासरी प्रारण तापमान. आम्ही त्याला एमआरटी म्हणतो.

सुरुवात काळ्या गोळ्यापासून करा. १५० मिमी व्यासाचा पोकळ, बाहेरून मॅट काळा गोळा आणि आत मधोमध सेन्सर. त्याला स्थिरावायला १५-२० मिनिटं लागतात, म्हणून तो घेऊन फिरत भराभर नोंदी करता येत नाहीत. आणि वाऱ्याशिवाय त्याच्या आकड्याला अर्थच नाही. समजा हवा ३५ अंशांवर आहे आणि गोळा ४५ दाखवतोय. वारा सेकंदाला १ मीटर असेल, तर प्रचलित सूत्राने एमआरटी सुमारे ६३ अंश येतं. वारा अर्धा मीटर धरलात, तर ५७. हे गणित एकदा हाताने करून बघाच. वारामापक गोळ्याच्या शेजारी, त्याच उंचीवर का हवा, हे त्यातून पक्कं कळतं.

त्यानंतर सहा दिशांची मोजणी. चारी बाजू, वर आणि खाली, प्रत्येकीकडून येणारं लघुलहरी (म्हणजे थेट आणि परतलेलं ऊन) आणि दीर्घलहरी (म्हणजे तापलेल्या पृष्ठभागांची अवरक्त उष्णता) प्रारण वेगळं मोजायचं. उभ्या माणसासाठी चार बाजूंना ०.२२ आणि वर-खाली ०.०६ असा भार देतात. दाट वस्तीत भिंती इतक्या महत्त्वाच्या का, ते या आकड्यांतच दिसतं. मला यातला सगळ्यात आवडता भाग म्हणजे सूर्यास्तानंतरच्या नोंदी: लघुलहरी शून्यावर आलेली असते, पण पश्चिमेचं ऊन खाल्लेल्या भिंतीकडचा दीर्घलहरी आकडा हटता हटत नाही. फक्त सरासरी काढून मोकळे झालात, तर हे कधीच दिसणार नाही.

उपकरण साधारण १.१ मीटर उंचीवर ठेवा आणि स्वतः लांब उभे राहा. आपल्या अंगाचीही उष्णता आणि सावली त्यात मोजली जाते. सेन्सरवरच्या काचा रोज पुसा. जागेवरून फिशआय लेन्सने आकाशाचा फोटो घ्या. आकाश किती उघडं होतं, याचा पुरावा नंतर दुसरीकडून मिळत नाही.