अष्टहजारी शिखरांवर जाताना या चुका टाळा

एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम एक तृतीयांश असतो. ५,३६४ मीटरवरच्या बेस कॅम्पलाच तो निम्म्यावर आलेला असतो. फुफ्फुसांना ऑक्सिजन कमी पडणार याची तयारी सगळे करतात, पण तो मेंदूलाही कमी पडतो याचा विसर पडतो. आठ हजार मीटरवर साधी बेरीज करायला वेळ लागतो, आणि आपल्याला वेळ लागतोय हेही कळत नाही. म्हणून वर घ्यायचे निर्णय खाली, डोकं ठिकाणावर असताना घेऊन ठेवावे लागतात. पुढच्या बहुतेक चुका अशाच खाली घ्यायच्या राहून गेलेल्या निर्णयांच्या आहेत.

उंचीचा आकडा बघून शिखर ठरवणं

जगातल्या १४ अष्टहजारींपैकी, म्हणजे आठ हजार मीटरहून उंच शिखरांपैकी, १० हिमालयात आहेत. के२ आणि आणखी तीन काराकोरममध्ये. हिमालयातली दहा अशी: एव्हरेस्ट ८,८४८.८६ मीटर, कांचनजुंगा ८,५८६, ल्होत्से ८,५१६, मकालू ८,४८५, चो ओयू ८,१८८, धौलागिरी ८,१६७, मनास्लू ८,१६३, नंगा पर्बत ८,१२६, अन्नपूर्णा ८,०९१ आणि शिशापांग्मा ८,०२७. यादीत खाली म्हणजे चढायला सोपं, हा हिशेब धोक्याचा आहे. अन्नपूर्णा चौदांमध्ये उंचीत दहावी, पण तिच्या उत्तर बाजूच्या वाटेवर हिमप्रपातांची टांगती तलवार कायम असते. चो ओयू तिच्यापेक्षा उंच असूनही कितीतरी सौम्य मानलं जातं. मकालूच्या माथ्याजवळची धार आणि धौलागिरीवरचा वारा यांचा अंदाज मीटरच्या आकड्यावरून येत नाही.

शिखर निवडताना वाटेवर भुसभुशीत बर्फाचा उतार किती, वरून कोसळू शकणारे हिमकडे कुठे आणि शेवटच्या कॅम्पपासून माथा किती तासांवर, हे आधी बघा. उत्तरकाशीच्या किंवा दार्जिलिंगच्या गिर्यारोहण संस्थेतला बेसिक आणि अ‍ॅडव्हान्स कोर्स, मग एखादं सहा हजारी, मग सतोपंथ (७,०७५ मीटर) किंवा नून (७,१३५ मीटर) आणि त्यानंतर अष्टहजारी, ही चढती भाजणी वेळखाऊ वाटते. पण सात हजारांवर रात्र काढल्यावर आपलं शरीर कसं वागतं, हे कळायला दुसरा मार्ग नाही. दुर्मीळ हवेत कोण टिकतो, हे पळण्याच्या वेगावरून किंवा जिममधल्या वजनांवरून सांगता येत नाही.

तब्येत ठणठणीत आहे म्हणून भराभर वर चढणं

सह्याद्रीत घोड्यासारखे पळणारे गडी नामचे बाजारला (३,४४० मीटर) डोकं धरून बसतात ते यामुळेच. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम जास्तीचा करायचा. दिवसा त्याहून वर जाऊन यायला हरकत नाही, उलट ते चांगलंच. मोजायची ती रात्रीची उंची.

डोकेदुखी, मळमळ, भूक नसणं, झोप न लागणं ही पहिली पायरी. इथे थांबायचं आणि लक्षणं जाईपर्यंत एक मीटरही वर जायचं नाही. खरी घोडचूक त्यापुढे होते: लक्षणांना दुसरं नाव दिलं जातं. ‘काल जेवण बाधलं’, ‘ऊन लागलं’, ‘थंडीचा खोकला आहे’. उंचीवर काहीही बिघडलं तर ते उंचीमुळेच, असं धरून चाला. चुकलात तर एक दिवस जाईल, एवढंच.

दोन लक्षणं मात्र सकाळपर्यंत वाट बघू देत नाहीत. बसल्या जागी धाप लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील, आडवं झाल्यावर छातीत घरघर ऐकू येत असेल, तर फुफ्फुसांत पाणी साठतंय. तोल जात असेल, बोलणं अडखळत असेल, तर मेंदूला सूज येतेय. ही दुसरी ओळखायची सोपी तपासणी तंबूबाहेरच होते. सपाट जागेवर एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना टेकवत सरळ रेषेत दहा-बारा पावलं चालायला लावा. निरोगी माणूस जाड बूट घालूनही चालतो. ज्याचा झोक जातो, त्याला त्याच क्षणी सोबत देऊन खाली न्या, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत. ऑक्सिजन, डेक्सामेथासोन, निफेडिपिन, हवा भरून दाब वाढवायची पिशवी ही सगळी खाली उतरेपर्यंत तग धरायची साधनं आहेत. ती वापरून पुन्हा वर निघायचं नसतं. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळीही डॉक्टरांना विचारूनच घ्या, आणि सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर त्यांना आधी सांगा.

ऑक्सिजनचा हिशेब वर जाऊन करणं

हा हिशेब कागदावर, बेस कॅम्पला करा. ४ लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाने साधारण १,२०० लिटर ऑक्सिजन बसतो. मिनिटाला २ लिटर घेतला तर तो १० तास पुरतो, ४ लिटर घेतला तर ५ तास. साउथ कोलवरून, म्हणजे एव्हरेस्टच्या शेवटच्या कॅम्पवरून (सुमारे ७,९०० मीटर) निघून माथा गाठून परत यायला बारा ते अठरा तास लागू शकतात. आता यात रांग धरा. २२ मे २०१९ रोजी माथ्याजवळच्या धारेवर लागलेल्या रांगेचं छायाचित्र जगभर पोचलं. त्या मोसमात एव्हरेस्टवर ११ जण दगावले. अशा रांगेत दोन तास उभं राहिलं आणि फ्लो (मिनिटाला सुटणारा ऑक्सिजन) ४ वर असला, तर ४८० लिटर, म्हणजे सिलिंडरचा चाळीस टक्के भाग, एक पाऊलही पुढे न टाकता संपतो. रांगेत थांबलात की फ्लो कमी करायचा, हे आधीच ठरवा, आणि उतरण्यासाठीचा सिलिंडर चढताना वापरायचा नाही, हेही.

मास्क लावूनही अचानक दम लागला, पाय जड झाले, तर लगेच ‘मी थकलो’ या निष्कर्षावर येऊ नका. आधी उच्छ्वासाची झडप बघा. श्वासातली वाफ तिथे गोठते आणि झडप अडकते. मास्क हातात धरून बर्फ दाबून फोडला की सुटते. मग रेग्युलेटरचा काटा बघा, मग नळी कुठे दुमडली किंवा सॅकखाली चेपली आहे का ते. जोडीदाराने तुमचा काटा वाचायचा आणि तुम्ही त्याचा. स्वतःच्या पाठीवरचा काटा स्वतःला दिसत नाही. हा क्रम घरी पाठ केलेला असला तरच तिथे आठवतो.

फिक्स्ड रोपला डोळे मिटून लटकणं

वाटेवर आधीच बांधून ठेवलेले दोर म्हणजे फिक्स्ड रोप, आणि तिथे दोराला दोर लागून असतात. त्यांतला कुठला यंदाचा आणि कुठला तीन वर्षं उन्हात कुजलेला, हे अंधारात हेडटॉर्चच्या उजेडात ठरवावं लागतं. हाताला ताठ लागणारा, रंग उडालेला, बर्फात अर्धा गाडलेला दोर सोडून द्या. अँकर, म्हणजे दोर जिथे बर्फात किंवा खडकात पक्का केलाय ती जागा, डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्याच्यावर वजन टाकू नका.

सर्वांत जास्त सराव हवा तो अँकर ओलांडण्याचा, आणि नेमका त्याचाच सराव फार कमी लोक करतात. हार्नेसपासून दोन दुवे निघतात: एकाच्या टोकाला जुमार (दोरावर वर सरकणारी, पण खाली न घसरणारी पकड), दुसऱ्याच्या टोकाला सेफ्टी कॅराबिनर (लॉक होणारी कडी). अँकरशी पोचलात की आधी सेफ्टी काढून अँकरच्या पलीकडच्या दोरात अडकवायची, तिचं लॉक फिरवायचं, ओढून बघायचं, आणि मगच जुमार उघडायचा. दोन्ही एकाच वेळी मोकळे असा एक क्षणही येता कामा नये. जाड मिटन्स (चार बोटं एकत्र राहणारे हातमोजे) घालून, थंडीने बोटं बधिर असताना हे करायचं असतं. लॉक फिरत नाही म्हणून मिटन काढायची वेळ आली, तर सराव कमी पडला असं समजा. घराच्या जिन्याला दोर बांधून, मिटन्स घालून, दिवे मालवून हेच शंभर वेळा करा. फिगर-ऑफ-एटवरून (आठच्या आकाराच्या, दोर धरून ठेवणाऱ्या साधनावरून) उतरण्याचा सरावही त्याच मिटन्स घालून.

मोजे आणि मिटन्सचा जास्तीचा जोड हाताशी हवा, सॅकच्या तळाशी नको. ३ जून १९५० रोजी मोरिस हर्झोग आणि लुई लाशनाल अन्नपूर्णेच्या माथ्यावर पोचले. माणसाने सर केलेलं ते पहिलं अष्टहजारी शिखर. उतरताना हर्झोगचे हातमोजे उतारावरून घरंगळत गेले. त्याच्या सॅकमध्ये जास्तीचे पायमोजे होते, ते हातावर चढवता आले असते. त्याला ते सुचलंच नाही. पुढे त्याची बोटं कापावी लागली.

आकाश निळं दिसलं की निघणं

मे महिन्यात जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरून वाहणारा वेगवान वारा, उत्तरेकडे सरकते आणि एव्हरेस्टच्या माथ्यावरचा वारा काही दिवस पडतो. तीच संधी सगळे साधतात, म्हणून गर्दी होते. वारा थोडा जास्त असलेला पण माणसं कमी असलेला दिवस कित्येकदा सुरक्षित ठरतो. तुमच्या चालीचा प्रामाणिक अंदाज घेऊनच ते ठरवा.

पावसाळ्यानंतरच्या मोसमात बंगालच्या उपसागरावर लक्ष ठेवा. ऑक्टोबर २०१४ मध्ये हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं, आणि दोन दिवसांनी त्याच्या उरलेल्या ढगांनी अन्नपूर्णा परिसरात थोरोंग ला खिंडीच्या आसपास इतका बर्फ ओतला की ४० हून अधिक माणसं मेली. ताजा बर्फ पडून आकाश उघडलं की चालायचा मोह होतो, पण तोच उतार सर्वांत धोक्याचा असतो. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडमध्ये द्रौपदी का डांडा शिखराच्या उतारावर प्रशिक्षणाला आलेली तुकडी हिमप्रपातात सापडली. ती मुलं कोर्सलाच आलेली होती, म्हणून ते दुःख अजून जात नाही.

परतीची वेळ ‘बघू तेव्हा’ वर सोडणं

१० मे १९९६ रोजी एव्हरेस्टवर कितीतरी जण दुपारी दोननंतर माथ्यावर पोचले, काही तर चारच्या सुमारास. संध्याकाळी वादळ आलं आणि त्या रात्रीत व दुसऱ्या दिवशी मिळून पर्वताच्या दोन्ही बाजूंना आठ जण गेले. त्याच महिन्याच्या सुरुवातीला योरान क्रोप हा स्वीडिश गिर्यारोहक, जो स्वीडनहून सायकलने नेपाळला आला होता, शिखर हाताशी आलेलं असताना केवळ उशीर झाला म्हणून मागे फिरला. २३ मे रोजी तो पुन्हा गेला आणि सिलिंडरच्या ऑक्सिजनशिवाय माथ्यावर पोचला.

असं वेळेवर मागे फिरणं जमत का नाही? कारण पैसा. नेपाळने सप्टेंबर २०२५ पासून एव्हरेस्टच्या वसंत ऋतूतल्या परवान्याचं शुल्क ११,००० वरून १५,००० डॉलर केलं, आणि एकूण खर्च त्याच्या कितीतरी पट. आपल्याकडचा गिर्यारोहक कर्ज काढतो, प्रायोजकांचे उंबरे झिजवतो, गावाने वर्गणी दिलेली असते. त्या ओझ्याखाली ‘अजून अर्धा तास’ म्हणणं सोपं असतं. म्हणून घड्याळातली वेळ लिहून द्या: स्वतःच्या डायरीत, बेस कॅम्पच्या मॅनेजरकडे आणि शेर्पा दाईकडे (नेपाळीत दाई म्हणजे मोठा भाऊ). प्रायोजकांनाही निघण्यापूर्वीच सांगून ठेवा की मोहीम माथ्याशिवाय परत येऊ शकते.

आणि दाईंबद्दल एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. ग्राहक माथ्यावर पोचला की शेर्पाला समिट बोनस मिळतो. म्हणजे तुम्हाला मागे फिरवणाऱ्या माणसाचंच नुकसान होतं. बेस कॅम्पला त्यांना स्पष्ट सांगा की माथा होवो न होवो, बोनस पूर्ण मिळेल आणि ‘खाली चला’ हा त्यांचा शब्द अंतिम. वर त्यांना मोकळेपणाने बोलता यावं, यासाठी याहून चांगली सोय मला माहीत नाही.

माथा नेमका कुठे, हे न बघता जाणं

मनास्लूवर वर्षानुवर्षं अनेक जण खऱ्या माथ्याच्या अलीकडच्या उंचवट्यावरून परतत होते. सप्टेंबर २०२१ मध्ये शेर्पा गिर्यारोहक मिंग्मा जी यांची तुकडी धारेच्या टोकापर्यंत गेली आणि ड्रोनच्या छायाचित्रात फरक लख्ख दिसला. २०२२ पासून हिमालयन डेटाबेस, म्हणजे नेपाळमधल्या मोहिमांची नोंदवही, मनास्लूवर फक्त खऱ्या माथ्याचीच नोंद धरतो. धौलागिरीवरही अशी फसगत होते. छायाचित्रांवरून माथ्याची रचना आधी अभ्यासा. कांचनजुंग्याची गोष्ट निराळी: १९५५ मध्ये जो ब्राउन आणि जॉर्ज बँड हे शिखर पवित्र मानणाऱ्या सिक्कीमला दिलेल्या शब्दाखातर माथ्याच्या काही फूट अलीकडे थांबले, आणि ती परंपरा अनेक जण आजही पाळतात. तिथे शेवटचं पाऊल टाकू नका.

पाणी आणि बोटं

पाण्याची बाटली डाउन सूटच्या (पिसं भरलेल्या उबदार पोशाखाच्या) आत ठेवा. बाहेर ठेवायचीच झाली तर उलटी ठेवा. बर्फ वरच्या बाजूने धरतो, झाकण मोकळं राहतं. पायात दोन जाड मोज्यांनी बूट घट्ट होत असेल तर एकच घाला, रक्त फिरलं नाही तर दुसऱ्या मोज्याचा उपयोग शून्य.

बोटं पांढरी, कडक आणि बधिर झाली तर ती चोळू नका, बर्फाने तर नाहीच, आणि शेकोटीवरही धरू नका. पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर ऊब देऊन वितळवूही नका. वितळून परत गोठलेलं बोट वाचणं फार अवघड असतं. सुरक्षित जागी पोचल्यावर ३७ ते ३९ अंश सेल्सिअसच्या पाण्यात बुडवा, वेदना होतील, वेदनाशामक द्या. फोड फोडू नका. रक्तपुरवठा परत आणणारी काही औषधं पहिल्या एक ते तीन दिवसांतच दिली तर लागू पडतात, त्यामुळे काठमांडूला उतरलात की घरच्या विमानाची वाट न बघता तिथल्याच हिमदंशावर उपचार करणाऱ्या रुग्णालयात दाखल व्हा. विम्यात हेलिकॉप्टरने सुटका आणि तुमच्या शिखराची उंची दोन्ही धरलेली आहेत का, हे निघण्यापूर्वी ओळ न ओळ वाचून घ्या. पुष्कळ पॉलिसी ६,००० मीटर किंवा त्याच्याही खालीच थांबतात.