कार्यालयातील इंटरनेट सारखे तुटत असेल तर

लातूरमधील आमच्या छोट्या कार्यालयात सगळे संगणक लिनक्सवर चालतात. इंटरनेट मधूनमधून तुटू लागले की पुरवठादाराला फोन करण्याआधी दोष आतला की बाहेरचा, हे ठरवावे. त्यासाठी दोन टर्मिनल (आज्ञा टाइप करण्याच्या खिडक्या) उघडून एकात राउटरच्या पत्त्याला, बहुधा १९२.१६८.१.१ ला, आणि दुसऱ्यात गूगलच्या ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याला पिंग (पलीकडून उत्तर येते का हे पाहणारी आज्ञा) अर्धा तास चालू ठेवावे. राउटरकडूनच उत्तर चुकत असेल, तर केबल, स्विच (संगणकांच्या केबल एकत्र जोडणारी पेटी) किंवा वायफाय तपासावे. राउटर नीट उत्तर देत असून बाहेरचेच पिंग तुटत असेल, तर दोष राउटरमध्ये किंवा बाहेरून येणाऱ्या लाइनमध्ये आहे. आणि दोन्ही ठीक असून संकेतस्थळांची नावेच सापडत नसतील, तर डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा) बदलून पाहावे.

केबलकडे मुळीच दुर्लक्ष करू नये. आमच्याकडे एका जोडणीची प्लास्टिकची खिट्टी तुटली होती आणि टेबल हलले की स्विचवरचा हिरवा दिवा क्षणभर विझत असे. ‘इथटूल’ने (लिनक्सवर केबल-जोडणीची माहिती दाखवणारी आज्ञा) पाहिल्यावर वेग १००० ऐवजी १०० मेगाबिट दिसला, कारण गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या लागतात, तर १०० ला दोनच पुरतात.

वीज वारंवार जात असल्यास राउटर आणि स्विच दोन्ही यूपीएसवर घ्यावेत. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात राउटर बंद कपाटात तर कधीच ठेवू नये.