कुमार कादंबरीतील बंड पटण्याजोगे कसे लिहावे

जुलमी राजवटीविरुद्ध उठणाऱ्या मुलामुलींची कादंबरी लिहायला घेणारे बहुतेक जण आधी बंडाचा प्रसंग रंगवतात. माझ्या मते आधी राजवटीचा रोजचा कारभार लिहून काढावा. धान्य कोण वाटते, हजेरी कोण मांडते, रात्री पुलावर पहारा कोण देते आणि या सर्वांचे पगार कशातून भागतात, हे ठरवल्याखेरीज सत्तेचे घोडे कोठे अडेल हे लेखकालाच कळत नाही.

समजा, कथानक भविष्यातील कोल्हापुरात घडते आणि राजवटीचा सारा पैसा साखरेतून येतो. तोडलेला ऊस वेळेत गाळला नाही तर त्याचे वजन घटते, साखरेचा उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण, पडतो. आपल्याकडील ऊसदराची आंदोलने हंगामाच्या तोंडावर पेटतात ती यामुळेच. अशा राजवटीला भवानी मंडपात, म्हणजे जुन्या राजवाड्यात, बंदुका घेऊन घुसणाऱ्या टोळीपेक्षा कारखान्याच्या गव्हाणीत (जिथून ऊस गाळपाला जातो तिथे) ऊस पडू न देणारे मूठभर कामगार अधिक जड जातील. नायिका सोळा वर्षांची असेल तर तिला सेनापती करू नका, वजनकाट्यावर पावत्या फाडायला बसवा. ती प्रत्येक पावतीवरचा गाडीनंबर मुद्दाम दोनदा तपासते, तासाभरात ट्रॅक्टरांची रांग हमरस्त्याला लागते, आणि मुकादम शिव्या देत खिडकीशी येतो तेव्हा तिच्या हाती कारण तयार असते: नियमच तसा आहे.

बंडाचे कारणही असेच जवळचे असावे, कारण ‘स्वातंत्र्य’ हे त्याला पुढे मिळणारे नाव असते. कोल्हापूर संस्थानात 1844 साली गडकरी, म्हणजे किल्ल्यांची पिढीजात शिबंदी, उठले ते इंग्रजांच्या प्रभावाखालील नव्या कारभाराने त्यांच्या पिढीजात जमिनी आणि हक्कांना हात घातला म्हणून. सामानगड, भुदरगड, पन्हाळा असे बुलंद किल्ले त्यांच्या हाती होते, तरीही वर्ष संपण्यापूर्वी पन्हाळा पडला. याउलट शेजारच्या सातारा जिल्ह्यात 1943 ते 1946 या काळात नाना पाटील यांच्या प्रतिसरकारला, म्हणजे इंग्रज सत्तेला समांतर चालवलेल्या भूमिगत सरकारला, एकही किल्ला लागला नाही. भूमिगतांना गावोगावी भाकरी आणि आसरा मिळत होता, न्यायनिवाडेही होत होते. म्हणून आपल्या बंडखोरांना आज रात्री जेवू कोण घालणार, हे प्रत्येक प्रकरणात माहीत असू द्या. शस्त्रांचे तपशील दोन ओळींत उरकले तरी चालतात.

खबऱ्या मात्र हवाच, आणि त्याला नुसता दुष्ट करून सोडणे हा आळस आहे. आजारी आईच्या औषधासाठी तो फितूर झाला असेल तर वाचक अस्वस्थ होतो. प्रतिसरकारनेही खबऱ्यांना कठोर शिक्षा दिल्या होत्या. तेव्हा तुमच्या कादंबरीतही ती शिक्षा पडद्याआड ठेवू नका: ज्याच्या घरी नायिका लहानपणी खेळली त्या शेजाऱ्याला चावडीसमोर आणले जाते, आणि तो दोषी आहे की नाही, हे सर्वांदेखत तिलाच सांगावे लागते.