पोटातली आग रोजचीच झाली असेल तर काय करावं

नागपुरात कोणी पोटात जळजळते म्हटलं, की समोरचा म्हणतो, 'पित्त झालं असेल, एक गोळी घेऊन टाक.' मी दोन वर्षं तेच केलं. इतवारीतल्या घरून निघताना कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून ॲसिडिटीच्या गोळ्यांची स्ट्रिप घ्यायची आणि बर्डीला ऑफिसात पोचल्यावर चहासोबत एक गिळायची. गोळीने आग दबायची, जायची मात्र नाही. शेवटी एंडोस्कोपी (घशातून नळी घालून पोट आतून बघणं) झाली तेव्हा कळलं की जठराच्या आतल्या अस्तरालाच सूज होती. डॉक्टर याला क्रॉनिक गॅस्ट्रायटिस म्हणतात, मराठीत जठरदाह. हे दुखणं घेऊन जगता येतं, बऱ्याच जणांचं बरंही होतं. पण सुरुवात गोळीपासून नाही, कारणापासून करावी लागते.

आधी हे तपासा

शौच डांबरासारखं काळं आणि चिकट होत असेल, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, रात्र असली तरी. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, पण ते आपलं आपण ठरवू नका.) खाल्लेलं घशात अडकणं, काही न करता वजन उतरणं, तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघणं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असा त्रास सुरू होणं, यांतलं काहीही असेल तर तपासणी लांबवू नका. आणि छातीत दडपण, घाम, दम लागणं किंवा हात-जबडा दुखणं असेल तर 'गॅस झाला' म्हणून बसून राहू नका, आधी ईसीजी काढा.

पंधरा दिवस वही लिहा

साधी शंभर पानी वही पुरते. काय खाल्लं, किती वाजता, कोणती गोळी घेतली, आग कधी पडली, एवढंच लिहायचं. माझ्या वहीतलं एक पान असं आहे: '८.१५ चहा, पोट रिकामं. ११.४० आग. २.३० डबा. ४ वाजता कंबरेची गोळी. रात्री ९ पासून पोट जड, मळमळ.' अशी नऊ पानं झाल्यावर मला स्वतःलाच दिसलं, की तिखटापेक्षा रिकाम्या पोटाचा चहा आणि कंबरेची गोळी जास्त घात करत होती. मी मात्र सगळा दोष मिरचीला देत बसले होते.

कारण शोधून घ्या

वही घेऊन डॉक्टरकडे जा. खासगी परवडत नसेल तर मेडिकल, मेयो किंवा मिहानमधलं एम्स ही सरकारी रुग्णालयं आहेत. रांगेत वेळ जातो, पण जायचंच.

सगळ्यात जास्त सापडणारं कारण म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू. जठरातल्या आम्लात काहीच जगू शकत नाही, असं पूर्वी डॉक्टर मानायचे. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये हा जिवाणू स्वतः पिऊन पाहिला आणि काही दिवसांतच त्यांच्या जठराला सूज आली. त्यांना आणि रॉबिन वॉरेन यांना २००५ चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. हा जिवाणू श्वासाच्या, शौचाच्या तपासणीत किंवा एंडोस्कोपीत सापडतो. मात्र आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तो तपासणीत लपून राहू शकतो, म्हणून त्या साधारण दोन आठवडे आधी थांबवायला सांगतात. किती दिवस थांबवायच्या ते डॉक्टरलाच विचारा.

एंडोस्कोपीची मला फार भीती होती. सहा-आठ तास उपाशी राहायचं, घशात बधिर करणारा फवारा मारतात, नळी आत जाताना उमासे येतात. दहा-पंधरा मिनिटांत सगळं आटोपतं.

दुसरं मोठं कारण म्हणजे दुखण्याच्या गोळ्या: डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन. गुडघे, कंबर, डोकं, सगळ्यासाठी आपल्याकडे त्या शेंगदाण्यासारख्या खाल्ल्या जातात. त्या बंद करण्याबद्दल डॉक्टरशी बोला, पण हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन मनाने बंद करू नका. दारू हे तिसरं कारण. काहींच्या बाबतीत शरीरच आपल्या जठरावर उलटतं, मग बी-१२ कमी होतं, हातापायांना मुंग्या येतात. त्याची रक्ततपासणी वेगळी असते.

औषध घ्यायची रीत

तपासणीत जिवाणू सापडला तर बहुधा १४ दिवस त्याला मारणाऱ्या दोन-तीन गोळ्या आणि आम्ल कमी करणारी गोळी असा कोर्स असतो. तोंडाला लोखंडाची चव येते, जेवण नकोसं होतं. पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडलं तर जिवाणू उरतो आणि पुढच्या वेळी त्याच औषधाला जुमानत नाही. कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी तो खरंच गेला का, याची तपासणी करायची असते. बरेच लोक ती टाळतात, तुम्ही टाळू नका.

ओमेप्रॅझोल, पँटोप्रॅझोलसारखी गोळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची. मी ती दोन वर्षं चहासोबत घेतली आणि मग बसले पोहे खायला. फार महिने घेतलेली गोळी एकदम सोडली तर आम्ल उसळून येतं, म्हणून हळूहळू कमी करावी, तीही विचारून.

नागपुरात राहून खायचं काय

मिरचीने जठरदाह सुरू होतो असं नाही, पण सुजलेल्या अस्तरावर ती झोंबते. त्यामुळे सूज असेपर्यंत तर्री-पोहे, ठेचा, सावजी बाजूला ठेवा. पोहे खावेसे वाटले तर तर्रीविना, वरून सांबार पेरून घ्या. (बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.) मऊ भात, साधं वरण, ज्वारीची भाकर, दुधी, दोडका चालतात. दिवसात तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच लहान करा, रात्रीचं जेवण झोपण्याच्या तीन तास आधी उरका.

थंड दुधाने घटकाभर बरं वाटतं, मग आम्ल आणखी सुटतं, म्हणून त्याला औषध समजू नका. आंबिया बहाराची संत्री बाजारात आली की मन आवरत नाही, तरी रिकाम्या पोटी नको, जेवणानंतर चार फोडी खाऊन बघा आणि वहीत लिहा. मे महिन्यात पारा ४५ वर जातो तेव्हा पाणी भरपूर प्या. पन्हं कोणाला सोसतं, कोणाला नाही. एकादशीला दिवसभर उपाशी राहून रात्री साबुदाण्याची उसळ आणि तळलेली मिरची हा बेत मी सोडला. आईला वाईट वाटलं, पण तिनेच मग दुपारी भगर करून द्यायला सुरुवात केली.

खर्र्याबद्दल बोलल्याशिवाय नागपुरात पोटाची गोष्ट पुरी होत नाही. ठेल्यावर पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घोटून घोटून त्याची ओली गोळी होते आणि ती तासन्तास गालात राहते. तिचा रस गिळला जातो, थुंकला तरी थोडा पोटात जातोच. तोंडाच्या कॅन्सरची भीती तर आहेच, पण पोटावर उपचार चालू असताना खर्राही चालू ठेवणं म्हणजे जखमेला रोज खरचटणं आहे. सोडवत नसेल तर १८०० ११ २३५६ या तंबाखूमुक्तीच्या मोफत राष्ट्रीय नंबरवर फोन करा.

बरं व्हायला वेळ द्या

माझ्या पोटातही हा जिवाणू होता; तो गेल्यावरही माझी आग चारेक महिने मधूनमधून पडायची. वहीत तसे दिवस आधी आठवड्यातले चार होते, मग दोन, मग पंधरवड्यातून एक. आता भावाच्या घरी रविवारी सावजी मटण होतं तेव्हा वहिनी माझ्या वाटीवरची तर्री पळीने काढून घेते, खालचा रस्सा देते. मी तो ज्वारीच्या भाकरीत कुस्करून, भाताआधी, हळू खाते आणि रात्री वहीत लिहिते.