उत्तरेची खिडकी, गडवा आणि दोन संत्री

आमच्या वरुडकडे संत्र्याला तोटा नाही, म्हणून माझं पहिलं तैलचित्र संत्र्यांचंच. सकाळी बसलो तो चारला उठलो. चित्रात संत्र्याची सावली डावीकडे, शेजारच्या गडव्याची, म्हणजे पितळी लोट्याची, उजवीकडे! बायको म्हणे, घरात दोन सूर्य उगवले का जी?

तेव्हापासून आधी उजेड बांधतो. एकच खिडकी उघडी, बाकी दारं-झरोक्यांवर बारदाना. खिडकी उत्तरेची बरी. पण उत्तरेला ऊन येत नाही, हे हिवाळ्यापुरतंच खरं. मार्चअखेर ते सप्टेंबर सूर्य उत्तरेकडे सरकून उगवतो-मावळतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन आत घुसतं. म्हणून मी दिवाळीनंतर बसतो. आंबिया बहाराची, म्हणजे आंब्याच्या मोहोराच्या सुमारास फुललेली, संत्रीही तेव्हाच असतात. रोज तेच दोन तास. सावलीची कड टेबलावर खडूनं आखून ठेवा. सावली रेघ सोडून सरकली की ब्रश खाली.

आता डोळे किलकिले करून पाहा. बारकावे पुसले जातात, उरतो नुसता उजेड-अंधार. तेवढाच बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी रंग, टर्पेंटाइनमध्ये पातळ करून मांडा. संत्र्याच्या सावलीत काळा घालू नका, रंग मरतो. नारिंगीतच थोडा अल्ट्रामरीन, म्हणजे गडद निळा, मिसळा. आणि सावलीच्या खालच्या कडेला नीट पाहा. तिथं टेबलाचा उजेड उलटून आलेला असतो, गडवा जवळ असेल तर पितळेची पिवळी झाकही. फळ गोल दिसतं ते या कडेमुळे. मला हे दिसायला दोन हिवाळे लागले. गडव्यावरची चमक मात्र शेवटी, एकाच फटक्यात.

संत्री आधी रंगवा, ती सुकतात. लेकरं असली तर तितकीही टिकत नाहीत.

खालचा थर पातळ, वर चढत जाताना जवसाचं तेल वाढवा. उलटं केलं तर तडे जातात. घाण्यावरचं तेल चटणीला ठेवा. मी रंगात घातलं होतं. वाळता वाळेना, वर पांढरा रंगही पिवळा पडला. चित्रांच्या रंगांच्या दुकानातलं शुद्ध केलेलंच घ्या.

तेलाच्या चिंध्यांचा बोळा मात्र कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. आपल्या घरात तर कापूस भरलेला! मी चिंध्या पाण्याच्या डब्यात बुडवून, झाकण लावून अंगणात ठेवतो.