१८९६ चा फिलिपिनो उठाव: आधी नकाशा काढा, तारखा नंतर

परळच्या अभ्यासिकेत जागतिक इतिहास करणारी बरीच पोरं स्पेनच्या राज्याविरुद्धच्या या लढायांची यादी घोकतात आणि आठवड्याभरात सगळं डोक्यातून जातं, म्हणून मी त्यांना जे करायला लावतो ते इथे टाकतोय.

कोरा कागद घ्या, मनिलाचा उपसागर काढा. पूर्व किनाऱ्यावर मनिला, खाली दक्षिणेला काविते प्रांत. गेटवेवरून मांडव्याकडे बघितलंय ना, तसंच काहीसं, इकडे सरकारचं शहर आणि पाण्यापलीकडे गावं.

आता मनिलात तोंदोला टिंब द्या. इथे १८९२ ला आंद्रेस बोनिफासियो आणि साथीदारांनी कातिपुनान ही गुप्त संघटना काढली. १९ ऑगस्ट १८९६ ला स्पॅनिशांना तिचा सुगावा लागला, म्हणजे तयारी अर्धवट असतानाच उठावं लागलं. मनिलाजवळच्या बालिंतावाकच्या भागात लोकांनी आपापली सेदुला टराटरा फाडली. सेदुला म्हणजे कर भरल्याचा दाखला आणि तोच ओळखीचा कागद. दिवस नेमका कुठला यावर एकमत नाही, ऑगस्ट अखेर एवढंच लिहा.

मग मनिलाजवळचं सान हुआन. ३० ऑगस्टला दारूगोळ्याच्या कोठारावर हल्ला झाला, कारण बंदुका जवळपास नव्हत्याच, हातात बोलो, म्हणजे आपला कोयता म्हणा. स्पॅनिशांची कुमक आली आणि माणसं कापली गेली. त्या जागेला आज पिनाग्लाबानान म्हणतात, अर्थ 'जिथे लढाई झाली ती जागा'. इथे जरा थांबा, घाई करू नका. त्याच दिवशी आठ प्रांतांत मार्शल लॉ लागला, फिलिपिन्सच्या झेंड्यावरच्या सूर्याचे आठ किरण त्यांचेच, ते आठवा.

आता पेन्सिल दक्षिणेला न्या. सप्टेंबरच्या सुरुवातीला कावितेतलं इमुस, तिथला कातिपुनानचा पुढारी एमिलियो आगिनाल्दो याचा विजय. त्याच महिन्यात आपल्या मांडवीत डॉ. व्हिएगास यांनी प्लेग ओळखला, एवढं जोडलंत तर महिना विसरणार नाही.

९ ते ११ नोव्हेंबर, कावितेतलीच बिनाकायान आणि दालाहिकान. किनाऱ्याजवळ खंदकाच्या रेघा काढाच, कारण लढाई तिथेच फिरली. बेल्जियममध्ये शिकलेला इंजिनिअर एदिल्बेर्तो इव्हान्हेलिस्ता, त्याने ते खणून घेतले आणि स्पॅनिश गव्हर्नर ब्लांकोच्या फौजेला मागे फिरावं लागलं.

शेवटी कावितेच्या वेशीवर सापोतेचा पूल काढा, तिथे १७ फेब्रुवारी १८९७ लिहा. त्या दिवशीच्या लढाईत इव्हान्हेलिस्ता तिथे मारला गेला.